विश्वास ठेवला की बसला?

ट्यूलिप या फुलाच्या इंग्रजी नावात पाच अक्षरं येतात, आणि अमेरिकेतल्या कॅल्व्हिनपंथी घरात वाढलेल्या पोराला त्या पाच अक्षरांवरून पाच सिद्धांत पाढ्यासारखे पाठ असतात. माणसाची संपूर्ण भ्रष्टता, देवाने केलेली बिनशर्त निवड, मर्यादित प्रायश्चित्त, अनिवार कृपा आणि पवित्र जनांची चिकाटी. मराठीत आणलं की पाकळ्या गळतात. सं-बि-म-अ-प असला काही शब्द होत नाही. गंमत म्हणजे ज्या डचांच्या देशात हा सगळा वाद पेटला, त्यांच्या भाषेतही हे फूल चार अक्षरांत आटोपतं. म्हणजे लक्षात ठेवायची ही युक्ती इंग्रजीवाल्यांची, आणि तीही विसाव्या शतकातली. मूळ मजकूर 1619 चा. तीनशे वर्षं तो फुलाशिवायच वाचला जात होता.

तो मजकूर म्हणजे डॉर्टची कलमं. गेल्या हिवाळ्यात मी ती नऊ रविवारांत, उपासना संपल्यावर, चर्चच्या तळघरात बसून वाचली. गाव ग्रँड रॅपिड्स, मिशिगन. एकोणिसाव्या शतकात इथे डच शेतकरी मोठ्या संख्येने आले आणि येताना आपली स्तोत्रं, आपले वाद आणि प्रवचन चालू असताना चघळायच्या पेपरमिंटच्या गोळ्या बरोबर घेऊन आले. गोळ्या अजून आहेत. आमच्या वर्गातही टेबलावर कॉफीच्या थर्मासशेजारी त्यांचं एक पाकीट पडलेलं असे. वर्ग घेणारे मंडळीचे एक वडील होते. आपल्या चर्चच्या मराठीत हा शब्द हुद्द्याचा आहे हे मी त्यांना सांगितलं, आणि तोच शब्द आम्ही बापालाही वापरतो हेही सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. आयुष्यभर गाई पाळलेला माणूस. हात फावड्यासारखे, आणि त्या हातांत स्तोत्रसंग्रहाच्या शेवटी छापलेली ती बारीक अक्षरातली कलमं.

मी नगरची. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला. ती मिशनरी मंडळी कॅल्व्हिनच्याच वंशावळीतली. पण शब्बाथशाळेत डॉर्टचं नाव कधी कानावर पडल्याचं मला आठवत नाही. आम्ही वाढलो ते 'उपासनासंगीता'वर आणि नारायण वामन टिळकांच्या भजनांवर. त्यामुळे या वर्गात मी बसले ती थोडी पाहुण्यासारखी, थोडी हरवलेल्या नातेवाइकाचा पत्ता शोधायला आल्यासारखी.

इतिहास वडिलांनी पहिल्याच रविवारी उरकून टाकला. आर्मिनियस हा लायडनचा प्राध्यापक 1609 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या मताच्या चाळीसहून अधिक पाळकांनी पाच मुद्द्यांचं निवेदन सादर केलं. देवाने निवडलं ते कोण विश्वास ठेवणार हे आधी पाहूनच, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, कृपेला माणूस नकार देऊ शकतो, असा त्याचा एकूण कल. त्यावर निवाडा करायला नोव्हेंबर 1618 मध्ये डोर्ड्रेख्त, म्हणजेच डॉर्ट, या गावी सभा बसली. ब्रिटन, स्वित्झर्लंड, जर्मन संस्थानं इथून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना जाऊ दिलं नाही, तर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या मांडून ठेवल्या. सभेने जे लिहिलं त्यात 59 कलमं आणि 34 खंडनं. म्हणजे ज्यांना आज 'कॅल्व्हिनचे पाच मुद्दे' म्हणतात, त्यातला पाच हा आकडा त्याच्या विरोधकांनी ठरवलेला. कॅल्व्हिन स्वतः 1564 मध्येच गेला होता. भांडणात प्रश्न कोण काढतं यावर उत्तराचा आकार ठरतो, हे आपल्याकडच्या भाऊबंदकीतही पाहायला मिळतं.

आता मजकुराकडे.

पूर्वनियोजनाचा मजकूर म्हटल्यावर पहिल्या वाक्यात देवाचा अनादि संकल्प धाडकन अंगावर येईल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. पहिल्या प्रकरणातलं पहिलं कलम सांगतं की सगळ्यांनीच पाप केलं, आणि देवाने सगळ्यांना तसंच सोडलं असतं तरी कोणावर अन्याय झाला नसता. दुसरं कलम लगेच प्रेमाचं: देवाने पुत्र पाठवला. तिसऱ्यात माणसं येतात, निरोप घेऊन चालत जाणारी. चौथ्यात तो निरोप ऐकून काही विश्वास ठेवतात, काही नाही. पाचव्यात दोष कोणाचा आणि देणगी कोणाची याची वाटणी. आणि मग, सहाव्या कलमात, तो प्रश्न येतो जो प्रवचन ऐकून घरी परतणाऱ्या कोणालाही पडू शकतो: एकाच बाकावर दोघं बसले होते, एकच निरोप दोघांनी ऐकला, मग एकाच्या आत काही हललं आणि दुसऱ्याच्या नाही, असं का? तेव्हा कुठे संकल्प हा शब्द येतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. ट्यूलिपने तो मोडला. फुलात सिद्धांत एकापुढे एक उभे राहतात, कवायतीसारखे. मूळ मजकुरात ते एका घडलेल्या गोष्टीचं कारण शोधत मागे मागे जातात. आधी अनुभव, मग त्याचा उगम. सभेने ठरवूनच शाळेतल्या तर्कशास्त्राची भाषा टाळली होती, मंडळीतल्या साध्या माणसाला कळावं म्हणून. लॅटिनमध्ये लिहून साध्या माणसाला कसं कळणार, हा प्रश्न मी विचारला. वडील म्हणाले, डचमध्ये लगेच आणलं ना.

निवड हा शब्द मात्र मराठीत अवघड जातो, आणि तो का अवघड जातो हे सांगितल्याशिवाय सातवं ते दहावं कलम वाचण्यात अर्थ नाही. आमची आजी सुपात तांदूळ निवडायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटं खडा शोधत फिरतायत, खडा सापडला की टिचकीने बाहेर. भाजी निवडायची म्हणजे किडकं पान टाकायचं, कोवळं ठेवायचं. आपल्या भाषेत निवडणं म्हणजे चांगलं ओळखून बाजूला काढणं. मराठी कानाला 'देवाने निवडलं' हे ऐकताच मागून आपोआप 'काहीतरी बघूनच निवडलं असणार' हे ऐकू येतं. म्हणजे आपला शब्दच आर्मिनियसच्या बाजूला कललेला! डॉर्टची कलमं नेमकी इथेच मान हलवतात. निवडलेले इतरांहून बरे नव्हते, लायक नव्हते, त्यांच्या पुढच्या विश्वासाकडे पाहूनही निवडलं नाही; विश्वास निवडीतून आला, निवड विश्वासातून नव्हे. सुपात सगळे खडेच होते, असं समजा. मग हात ज्याच्यावर पडला तो त्या हातामुळे तांदूळ झाला. उपमा ओढून ताणून झालीय, मला माहीत आहे. पण ती ओढाताण त्या कलमांतच आहे.

पंधरावं कलम कठीण. ज्यांना निवडलं नाही त्यांच्याबद्दलचं. देवाने त्यांना ज्या दुर्दशेत ते आपल्या दोषाने पडले होते तिथेच राहू द्यायचं ठरवलं, असा त्याचा आशय. 'राहू द्यायचं' या क्रियापदावर सगळा भार आहे. निवडणं ही कृती, हे न-करणं. समारोपात तर सभा स्पष्ट नाकारते की निवड जशी विश्वासाचा उगम आहे तसाच नाकार हा अविश्वासाचं कारण आहे. तराजूची दोन पारडी सारखी नाहीत, असा आग्रह. वर्गात एक नर्सबाई होत्या, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या. त्या म्हणाल्या, मी एखाद्याला 'राहू दिलं' तर माझी नोकरी जाईल. कोणी हसलं नाही. वडिलांनी काही बचाव मांडला नाही. म्हणाले, हे कलम मी गिळलेलं नाही, चाळीस वर्षं चघळतोय. माझंही मत लिहून टाकते: त्या क्रियापदाची सावध निवड मला दिसते, तिच्यामागची चिंताही दिसते, पण तिने प्रश्न सुटत नाही.

पण त्याच्या अलीकडे-पलीकडे जे लिहिलंय ते वाचलं की लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं असं वाटतं. आपण निवडलेले आहोत हे कसं कळायचं? बारावं कलम सांगतं, देवाच्या गूढ गोष्टींत डोकावून नव्हे. स्वतःत पाहा, पापाचं दुःख आहे का, नीतिमत्त्वाची भूक-तहान आहे का, लेकरासारखं भय आहे का. यशाची खूण मागितलीच नाही. भूक ही खूण! ज्याला भूक लागते तो जिवंत असतो, एवढंच. आणि सोळावं तर मला सगळ्यात जवळचं. ज्यांना आत काही ठाम जाणवत नाही, पण तरी प्रार्थना करतात, वचन ऐकतात, देवाकडे वळावंसं वाटतं, अशांनी नाकाराच्या गोष्टीने घाबरू नये, जे करतायत ते करत राहावं. मिणमिणती वात देव विझवत नाही. पंधरावं कलम लिहून झाल्यावर कोणीतरी मान वर केली असेल, मागच्या बाकावरचा एक पांढरा पडलेला चेहरा दिसला असेल, आणि मग लेखणी पुन्हा शाईत बुडवली असेल, असं ते वाचताना वाटतं. तसं घडलं असं मी म्हणत नाही. वाक्यं तशी आहेत.

दुसऱ्या प्रकरणाला आम्ही एकच रविवार दिला, आणि तेवढा पुरला. 'मर्यादित प्रायश्चित्त' हे मराठीत वाचलं की मला एखाद्या पतसंस्थेच्या पाटीची आठवण होते: अमुक अमुक सहकारी पतसंस्था मर्यादित. कलमं उघडली तर तिसऱ्यातच लिहिलंय की ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अनंत आहे, साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं. पाचव्यात, हे वचन सगळ्या राष्ट्रांना, सगळ्या लोकांना, भेद न करता सांगायचं. आठव्यात येतं की ते निवडलेल्यांच्या ठायी फळाला येतं. म्हणजे मर्यादा मोलाला नाही, हेतूला आहे. यात खरा अडखळणारा शब्द मला दुसराच वाटला. प्रायश्चित्त आपल्याकडे ज्याने पाप केलं त्याने घ्यायचं असतं. पंचगव्य घ्या, उपास करा, दंड भरा. मराठी बायबलाने हा शब्द उचलला आणि त्याचा कर्ताच बदलला. दुसऱ्याने माझं प्रायश्चित्त घेतलं, हे वाक्य धर्मशास्त्र जाणणाऱ्या जुन्या मराठी माणसाला व्याकरणाची चूक वाटली असती. आम्ही ते इतक्या वेळा म्हटलंय की त्यातला धक्का आम्हाला लागेनासा झालाय.

तिसरं आणि चौथं प्रकरण एकत्र आहेत. कारण साधं आहे: विरोधकांच्या निवेदनातला तिसरा मुद्दा, माणूस आपल्या बळावर तरत नाही हा, एकटा वाचला तर त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. खोच चौथ्यात होती. म्हणून दोन्ही एका दोरीत बांधले. याच जोडप्रकरणात डॉर्टचं गद्य सगळ्यात उंच जातं, असं मी म्हणेन. अकराव्या कलमात पवित्र आत्म्याला कर्ता करून क्रियापदांची एक माळ लागते. तो आत शिरतो, बंद हृदय उघडतो, कठीण झालेलं मऊ करतो, मेलेल्या इच्छेला जिवंत करतो, वाईट होती ती चांगली करतो, अडून बसलेलीला कबूल करतो. माणूस या वाक्यांत कर्मच. बाराव्यात याला सृष्टीची, मेलेल्यांतून उठवण्याची जोड. आणि तेरावं कलम म्हणतं, हे कसं घडतं ते या आयुष्यात पुरतं कळणार नाही. घडलं हे कळलं, तेवढ्यावर स्वस्थ राहावं. एवढ्या मोठ्या माळेनंतर असं हात टेकणं. शास्त्री लोकांकडून हे सहसा होत नाही.

इथे वडिलांनी मला विचारलं, तुमच्या भाषेत 'मी विश्वास ठेवला' कसं म्हणतात? मी फळ्यावर लिहिलं: मी विश्वास ठेवला. मग हात थांबला, आणि खाली दुसरं लिहिलं: माझा विश्वास बसला.

दोन्ही आपण दिवसभर बोलतो. पहिल्यात कर्ता मी. ठेवला, जसे डब्यात पैसे ठेवतो. उद्या काढूनही घेता येतील. दुसऱ्यात कर्ता विश्वास. तो आला आणि बसला. मी कुठे आहे? षष्ठीत, एका बाजूला, ज्याच्या घरी पाहुणा आला तो घरमालक. मराठीत अशा कितीतरी गोष्टी आपल्याकडे येतात, आपण त्या करत नाही. मला आठवलं, मला कळलं, मला भूक लागली, माझा जीव जडला. 'मी माझ्यावर भूक लावली' असं कोणी म्हणत नाही. डॉर्टच्या सभेत जे सहा महिने चाललं ते या दोन वाक्यांमधलं भांडण होतं, असं मी वर्गाला सांगितलं, आणि चौदावं कलम काढलं: विश्वास हा माणसापुढे ठेवून घे-नाही-तर-राहू-दे म्हणायची वस्तू नव्हे, तो खरोखर आत घातला जातो. बसला!

वडिलांनी मात्र मला मागे नेलं, बाराव्याच्या शेवटाकडे. तिथे सगळी क्रियापदं संपल्यावर एक वाक्य आहे, माझ्या नजरेतून सुटलेलं. देवाने हलवलेली इच्छा मग स्वतःही हलते, आणि म्हणून माणूसच विश्वास ठेवतो, माणूसच पश्चात्ताप करतो, असं म्हणणं बरोबर आहे. बसलेला विश्वास ठेवलाही जातो. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडायला सांगितला. फिलिप्पै गावात जांभळं कापड विकणारी लुदिया; तिचं हृदय प्रभूने उघडलं असं तिथे लिहिलंय. त्याच गावात, त्याच अध्यायात, तुरुंगाचा अधिकारी थरथरत विचारतो की मी काय करू, आणि त्याला विश्वास ठेवायला सांगितलं जातं. फळ्यावरची दोन्ही वाक्यं एकाच पानावर. मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी विश्वास ठेवलाच जातो. लुदियाच्या ओळीत, शब्दाने नाही तरी अर्थाने, तो बसतो.

याच जोडप्रकरणातल्या सोळाव्या कलमासाठी मला मार्जारन्यायाची आठवण झाली नसती तर नवल. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत कृपेवरून दोन तट पडले. एक म्हणतात, माकडाचं पिल्लू. आई उडी मारते, पण पोटाला घट्ट धरायचं काम पिल्लाचं. दुसरे म्हणतात, मांजरीचं पिल्लू; ते नुसतं म्याव करतं, आई मानगुटीला धरून नेते. जर्मन धर्मपंडित रूडोल्फ ओटो याने यावर आणि ख्रिस्ती कृपेवर 1930 च्या सुमारास पुस्तकच लिहिलं. तुलना फार ताणू नये. तिथे प्रश्न शरणागतीचा आहे, इथे पतित इच्छेचा, आणि क्रूस तिथे नाही. पण वर्गाला गोष्ट भारी आवडली. सगळे डच वंशाचे लोक ताबडतोब मांजरीच्या बाजूचे झाले.

आणि गोठ्यात जन्म काढलेल्या वडिलांनी जे सांगितलं ते ओटोलाही सुचलं नसेल. म्हणाले, आमच्या गोठ्यात पंधरा-वीस मांजरं असायची. ज्या दातांनी ती उंदीर फोडते त्याच दातांनी पिल्लू उचलते. पिल्लाच्या मानेवर ओरखडा नसतो. उचलल्यावर पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता सोळावं कलम वाचा. ते सांगतं की देवाची कृपा माणसाला ओंडका किंवा दगड समजून त्याच्यावर चालत नाही. इच्छा पुसून टाकत नाही, जबरीने ओढत नाही. ती इच्छेला जिवंत करते, बरी करते, सुधारते, आणि मग वाकवते. कशी वाकवते हे सांगायला मूळ लॅटिनमध्ये दोन क्रियाविशेषणं जोडून येतात: एक गोडव्याचं, एक बळाचं. मराठीत मी पुष्कळ शब्द करून पाहिले. 'हळुवार आणि समर्थपणे' हे सरकारी वाटतं. 'गोडीगुलाबीने' म्हटलं तर बळ जातं. 'अनिवार' हा शब्द ट्यूलिपमुळे चिकटलाय, पण त्यात फक्त बळ आहे, पुराचं पाणी आहे, गोडवा नाही. सध्या मी मांजरीच्या दातांवर थांबलेय.

आणि तरी या कलमांवर रक्ताचे शिंतोडे आहेत. वडिलांनी हे टाळलं नाही, म्हणून मीही टाळत नाही. विरोधी बाजूचा सायमन एपिस्कोपियस आणि त्याचे सोबती यांना अध्यक्ष बोगरमन यांनी जानेवारी 1619 मध्ये सभेतून हाकलून लावलं. निकाल त्यांच्या गैरहजेरीत झाला. सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. 6 मे रोजी डोर्ड्रेख्तच्या मोठ्या चर्चमध्ये कलमं जाहीर वाचली गेली, आणि 13 मे रोजी हेग शहरात ओल्डनबार्नेव्हेल्ट या 71 वर्षांच्या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला. त्याच्यावरचा आरोप राजद्रोहाचा होता, सिद्धांताचा नव्हे. पण तो विरोधी पाळकांचा पाठीराखा होता आणि राजपुत्र मॉरिस दुसऱ्या बाजूला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याच बाजूच्या ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. 1621 मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला. माणूस ओंडका नाही असं एप्रिलमध्ये सही करून लिहायचं आणि मेमध्ये मान तलवारीखाली. लिहिणारे हात आणि तोडणारे हात वेगळे होते हे खरं. एकाच सत्तेचे होते हेही खरं.

याच सभेत आपल्या बाजूचाही एक प्रश्न आला होता. पूर्वेकडच्या डच वसाहतींतून विचारणा होती की डच घरांत असलेल्या परधर्मीयांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा का. सभेने सांगितलं, शिकवल्याशिवाय देऊ नये. पुढे त्या वसाहती चालवणाऱ्या डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात उभी राहिली. तिचे पडके अवशेष अजून तिथे आहेत. मी लहानपणी सहलीला ते पाहिले होते. त्या भिंतींचा आणि या कलमांचा काही संबंध असेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर विश्वास बसला नसता.

पाचवं प्रकरण शब्दावरून अडतं आणि मग सरळ वाहतं. 'संतांची चिकाटी' म्हटलं की मराठी माणसासमोर तुकोबा येतात. म्हणून 'पवित्र जन' बरं. चिकाटी हा शब्द मात्र खोटाच आहे, त्यात सगळं श्रेय चिकटणाऱ्याला. कलमं वाचली तर यातले विश्वासणारे फारसे चिकट दिसत नाहीत. दावीद घसरतो, पेत्र घसरतो, दोघांची नावं घेऊन सांगितलंय. रोजची पापं, शंका, देवाचं तोंड फिरल्यासारखे दिवस, सगळं कबूल. टिकून राहतं ते धरणाऱ्यामुळे. पुन्हा मांजरच, खरं तर, म्हणून मी इथे जास्त रेंगाळत नाही.

एक गोष्ट राहिली होती. तिसऱ्या रविवारी बर्फाच्या वादळामुळे वर्ग रद्द झाला होता आणि पहिल्या प्रकरणातली शेवटची दोन कलमं, सतरा आणि अठरा, मागे पडली होती. ती नवव्या रविवारी वाचायला घेतली. आमच्याकडे वाचन टेबलाभोवती फिरतं. ज्याचा नंबर येईल त्याने पुढचं कलम वाचायचं. सतरावं एका ऐंशीच्या पुढच्या बाईंकडे आलं. त्या नऊ आठवडे क्वचितच काही बोलल्या होत्या. पेपरमिंटचा कागद नखाने सपाट करून घड्या घालायच्या, उलगडायच्या.

सतरावं कलम तान्हेपणी गेलेल्या मुलांबद्दल आहे. त्या शतकात असं घर विरळाच असेल ज्याने हे पाहिलं नाही. आणि विरोधक आरोप करत होते की डॉर्टवाल्यांचा देव आईच्या छातीवरून तान्ही मुलं हिसकावून नरकात टाकतो. समारोपात सभेने या आरोपाचा उल्लेख करून तो धिक्कारलाय. पण या कलमात वाद नाही. स्वर्गात कोण, किती, याची मोजदादही नाही. त्यातला कर्ता मूल नाही, देवही नाही. कर्ता आहेत आईबाप, आणि क्रियापद आहे शंका न घेणं. कराराच्या आधारावर त्यांनी आपल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका घेऊ नये, एवढंच. 59 कलमांत इतकं लहान आणि इतकं एका घरात शिरून सांगितलेलं दुसरं नाही. आणि ते ज्या घरात शिरत नाही तेही दिसतं. आमच्या नगरच्या वाड्यात शेजारच्या काकूंचं मूल आठव्या दिवशी गेलं होतं. त्या विश्वासणाऱ्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल कलम काही बोलत नाही, हो नाही, नाहीही नाही. त्या गप्प बसण्याचा मी काय अर्थ लावू, हे मला नऊ आठवड्यांत कळलेलं नाही.

बाईंनी कलम वाचलं. आवाज हलला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी बोट ओळीवरच ठेवलं आणि काढलं नाही. शेजारचे त्यांचे पती, सत्तावन्न वर्षांचा संसार झालेले, कॉफीच्या कपाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या पुस्तकाचा दुसरा कोपरा धरला, जणू ते जड झालं होतं.

अठरावं कलम माझ्या वाट्याला आलं. त्यात युक्तिवाद नाही. हे माणसा, तू देवाला उलट बोलणारा कोण, हा पौलाचा रोमकरांना केलेला सवाल, आणि मग त्याच पत्रातल्या अकराव्या अध्यायाच्या शेवटची स्तुती, जिथे पौल समजावून सांगणं सोडून देतो आणि नुसता चकित होतो. मी वाचलं. तिरकस वाटण्याची मला भीती होती. नर्सबाईंकडे बघणं मी टाळलं.

वडील म्हणाले, प्रार्थना करू या. पण कोणी सुरुवात करेना, तेव्हा त्यांनी थर्मास उचलला आणि त्या पती-पत्नीच्या कपांत आधी कॉफी ओतली. फळ्यावर काही आठवड्यांपूर्वी मी लिहिलेली दोन मराठी वाक्यं अजून होती. वरचं कोणीतरी बाहीने अर्धं पुसलं होतं.